रिकाम्या लखोट्याचा मान

पत्र घरी आले की आपण लखोट्याची कड फाडतो, आतला कागद काढून घेतो आणि लखोटा टाकून देतो. फार तर घरातला एखादा मुलगा त्यावरचे तिकीट कापून घेतो. मजकूर तेवढा मोलाचा आणि लखोटा हा त्याचा हमाल, अशी आपली सहज समजूत असते. जगात काही माणसे मात्र अशी आहेत की ज्यांनी आयुष्याची वीस-तीस वर्षे या हमालाच्याच चरणी वाहिली. हे पत्र कोणत्या दिवशी कोणत्या गावातून निघाले, कोणत्या विमानातून गेले, वाटेत कोठे थांबले, त्यासाठी किती पैशांचे तिकीट लागत होते आणि प्रत्यक्षात किती लावले होते, या प्रश्नांची उत्तरे ती शोधत बसतात. हवाई टपालाची तिकिटे आणि टपालाचा इतिहास हा त्यांचा विषय.

या मंडळींचा जगात गौरवही होतो. ब्रिटनमध्ये १९२१ साली नामवंत टपालतिकीट-अभ्यासकांची एक नामावली सुरू झाली. निवडलेल्या अभ्यासकाने त्या पटावर स्वतःच्या हाताने सही करायची, असा तिचा रिवाज आहे. अमेरिकेत १९२३ साली स्थापन झालेली अमेरिकन एअर मेल सोसायटी ही तर केवळ हवाई टपालाच्या अभ्यासकांची संस्था. या क्षेत्रात मोलाची भर घालणाऱ्यांची नावे तिने आपल्या सन्मानपटावर नोंदवून ठेवली आहेत.

आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षकांशी या विषयावर बोलणे निघाले, तेव्हा ते जरा तडकूनच म्हणाले, “फादर, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या सिस्टरांना कुणी विचारत नाही, आणि तिकिटं जमवणाऱ्याला सन्मान! हा कुठला न्याय?”

आक्षेप हलका नाही. त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही.

गौरव म्हणजे काय, हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्याचा विचार केला आहे. मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो, म्हणून तो मानवी जीवनाचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सेमिनरीत हे शिकताना ते मानाचे वाभाडे काढणारे वचन आहे असे वाटे. आता त्यात दुसरीही एक बाजू दिसते. मान देणाऱ्यावर अवलंबून असेल, तर आपण कुणाला मान देतो यावरून आपण कोण आहोत हे कळते. एखादा समाज धनिकाला हार घालतो, तेव्हा त्या हाराने धनिकाबद्दल फारसे काही सांगितलेले नसते. समाजाबद्दल पुष्कळ सांगितलेले असते.

तिकिटांच्या जगात हा फरक अगदी उघडा पडतो. वर्तमानपत्रांत तिकिटांची बातमी येते ती किमतीमुळे. अमेरिकेच्या १९१८ सालच्या पहिल्या हवाई टपाल तिकिटांपैकी २४ सेंटच्या तिकिटावर ‘जेनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विमानाचे चित्र होते. त्यातील शंभर तिकिटांच्या एका तावावर विमान उलटे छापले गेले. विल्यम रोबी नावाच्या गृहस्थाने १४ मे १९१८ रोजी वॉशिंग्टनच्या एका टपालकचेरीत तो ताव २४ डॉलरला विकत घेतला आणि थोड्याच दिवसांत १५ हजार डॉलरला विकला. २०२३ साली त्यांपैकी एकच तिकीट २० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, आणि ती ऐकून आपल्याकडील किती मुलांनी घरातले ट्रंक उपसले असतील कोण जाणे!

मला मात्र त्याच तावाची दुसरी गोष्ट अधिक बोधक वाटते. तो ताव सुटा करण्यापूर्वी युजीन क्लाइन या व्यापाऱ्याच्या सल्ल्याने प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक क्रमांक घातला गेला. त्यामुळे कोणते तिकीट तावात कोठे होते हे पुढे ठरवता येऊ लागले. त्यांतील चार जोड-तिकिटांचा एक गट एथेल मॅककॉय या संग्राहक बाईंकडे आला. १९५५ साली एका प्रदर्शनातून तो चोरीला गेला. चोरांनी ती तिकिटे सुटी केली आणि ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांत फेरफार केले. तरीही अभ्यासकांनी छपाईतील आणि कडांमधील सूक्ष्म फरकांवरून ती ओळखली. दोन तिकिटे विसाव्या शतकातच परत मिळाली; तिसरे २०१६ साली उत्तर आयर्लंडमधील एका तरुणाकडे निघाले आणि परत आले. बाईंनी १९७९ साली आपला त्या तिकिटांवरचा हक्क एका टपालविषयक संशोधन ग्रंथालयाला देऊन टाकला होता. ज्या वस्तू आपल्या हाती नाहीत, कदाचित कधी येणारही नाहीत, त्यांचे दान करायला मन किती मोकळे असावे लागते! रोबीचे भाग्य आणि मॅककॉय बाईंचे दान यांत गौरवाला पात्र कोण, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

या क्षेत्रातील जाणकारांनीही हा विवेक आपल्या नियमांत आणला आहे. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत हवाई टपालाच्या संग्रहाला शंभरपैकी गुण देतात. दुर्मीळपणाला २० आणि वस्तूच्या सुस्थितीला १०. पण ज्ञान, स्वतःचा अभ्यास आणि संशोधन यांना ३५. मांडणीच्या देखणेपणाला अवघे ५. पैसा असला की दुर्मीळ वस्तू मिळते. पस्तीस गुण मात्र बाजारात मिळत नाहीत. परीक्षक माणसेच असतात आणि श्रीमंतीने तीही दिपत असतील. तरी निदान नियम तरी सरळ आहे. आपल्या कितीतरी संस्थांच्या सत्कारांना एवढाही नियम नसतो.

आता संशोधन म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी आपल्याच देशात जाऊ. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या औद्योगिक व कृषी प्रदर्शनाच्या मैदानावरून हेन्री पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन उडाला आणि यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ सुमारे तेरा मिनिटे. अधिकृत टपाल विमानाने नेण्याचा जगातील तो पहिला प्रसंग मानला जातो. त्या पत्रांवर मारण्यासाठी खास शिक्का केला होता आणि त्याची शाई किरमिजी रंगाची होती. त्या उड्डाणामागे एक मिशनरीही होता, याचे मला कौतुक वाटते. रेव्हरंड हॉलंड हे अलाहाबादच्या ऑक्सफर्ड अँड केंब्रिज वसतिगृहाचे प्रमुख होते. वसतिगृहाच्या इमारतीला पैसा हवा होता. विमाने भारतात आणणारे कॅप्टन विंडहॅम यांच्याकडे त्यांनी मदत मागितली आणि हवाई टपालाच्या जादा आकारातून ती उभी करण्याचे ठरले. म्हणजे जगातल्या पहिल्या हवाई टपालाने विद्यार्थ्यांच्या डोक्यावर छप्पर घालायला हातभार लावला.

एवढे आपल्याला आज दोन ओळींत सांगता येते, ते कुणामुळे? पेके उडाले आणि पुढे गेले. पत्रे जगभर पांगली. पत्र घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लखोटे टाकून दिले असतील. उरलेले लखोटे कुणीतरी शोधले, शिक्क्याचे ठसे एकमेकांशी ताडून पाहिले, खरे-खोटे वेगळे केले, त्या दिवसांची वृत्तपत्रे चाळली आणि छापून ठेवले. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या आधी तीन वर्षे, ऑक्टोबर १९२९ मध्ये, भारताची स्वतःची हवाई टपाल तिकिटे आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापली गेली, हे किती नाशिककरांना ठाऊक आहे? दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत सहा तिकिटे होती आणि त्यांवर डी हॅविलंड हर्क्युलिस हे विमान होते. ही माहिती संग्राहकांनी जपली नसती तर जुन्या दफ्तरांतच राहिली असती.

कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ हा तर एक वेगळाच नमुना. शिलाँगला जन्मलेला हा माणूस हवाई टपालाचा संग्राहक आणि अभ्यासक होता. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून त्याने रॉकेटमधून पत्रे पाठवण्याचे प्रयोग सुरू केले. १९३४ ते १९४४ या दहा वर्षांत त्याने सुमारे २७० रॉकेटे उडवली. १९३५ साली दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी यांना पलीकडे पाठवले आणि दोघेही सुखरूप उतरले! रॉकेटमधील पुष्कळशी पत्रे संग्राहकांसाठीच तयार केलेली असत, त्यामुळे तो खरा टपालव्यवहार नव्हे, असा आक्षेप घेता येतो. तो मला काहीसा पटतोही. पण प्रयोगांचा खर्च त्यातूनच निघे. स्मिथ १९५१ साली वारला आणि भारत सरकारने १९९२ साली त्याच्यावर तिकीट काढले. मान कधी कधी असा सावकाश टपालाने येतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन प्रकार मानले आहेत. एक सद्‌गुण, त्याला ते स्टुडिओसितास म्हणतात. दुसरा दोष, तो क्युरिओसितास. पहिल्याला आपण अभ्यासवृत्ती म्हणू, दुसऱ्याला पोकळ चौकसपणा. विषय क्षुद्र असला म्हणून अभ्यास क्षुद्र ठरत नाही. जाणण्यामागचा हेतू आणि त्यातील संयम यांवर ते ठरते. शेजाऱ्याच्या घरात डोकावणारा मोठे विषयही चौकसपणाने चघळतो. उलट एखादा माणूस चार आण्यांच्या तिकिटापुढे भिंग घेऊन बसतो, तेव्हा तो सत्याशी प्रामाणिक राहण्याचे शिक्षण घेत असू शकतो. ‘असू शकतो’ असे मी मुद्दाम म्हणतो. संग्रहाचा छंद लोभात केव्हा शिरतो हे संग्राहकालाही कळत नाही. कपाटात बंद करून ठेवलेला, कुणाला न दाखवलेला, केवळ आपला म्हणून जपलेला लखोटा ही जमिनीत पुरलेली नाणीच होत.

याहून अवघड प्रश्न अपघातातून वाचलेल्या टपालाचा आहे. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे प्रचंड हवाई जहाज जळाले. त्यात १७ हजारांहून अधिक पत्रे होती. वाचली ती साडेतीनशेच्या आसपास. कडा करपलेले ते लखोटे आज मोठ्या किमतीला जातात आणि अभ्यासकांनी त्यांतील एकेकाचा माग काढला आहे. मुंबईशी जवळचा संबंध असलेले अपघात माँ ब्लाँ पर्वतावरचे. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेथे आदळले आणि ४८ माणसे गेली. त्यांतील चाळीस प्रवासी बोटीवर कामाला निघालेले खलाशी होते. पुन्हा २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचेच ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर आदळले. त्यात डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले.

हिमनदी आपल्या पोटातले सावकाश परत देते. १९७८ साली पहिल्या विमानातील काही पत्रे आणि लखोटे एका फ्रेंच पोलिसाला पर्वताच्या पायथ्याशी सापडले आणि ती पत्रे मूळ पत्त्यांवर रवाना करण्यात आली. अठ्ठावीस वर्षांनी! २०१२ साली दुसऱ्या विमानातील परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. तीही भारताच्या स्वाधीन झाली. पुढच्याच वर्षी एका तरुण गिर्यारोहकाला तेथे रत्नांची पेटी सापडली आणि त्याने ती सरळ पोलिसांकडे नेऊन दिली.

अशा पत्राचा धनी कोण? लिहिणारा, ज्याला लिहिले तो, सापडवणारा, की लिलावात पैसे मोजणारा? कायदा आपल्या परीने उत्तर देईल. नीतीच्या दृष्टीने मला एवढे वाटते, की मृताच्या पत्राचा आपण मालक होत नाही, विश्वस्त होतो. विश्वस्ताचे पहिले काम, त्या पत्राचा पत्ता शोधणे. आणि पत्ता कोठे असतो? आपण फाडून टाकतो त्या लखोट्यावर. कागदावर ‘प्रिय आई’ असते; कोणती आई, कोणत्या गावची, हे लखोटा सांगतो.

येथे एक हकिकत सांगतो. ज्या भगिनीची ही हकिकत, तिच्या अनुमतीनेच सांगत आहे. आमच्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांप्रमाणे तिचा नवराही बोटीवर होता. साठाच्या दशकात तो समुद्रावर असताना त्यांचे दहा महिन्यांचे मूल तापाने गेले. कंपनीमार्फत त्याला तार गेली. पत्र यायला महिन्याहून अधिक काळ लोटला. पत्रावर तारीख तार मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. उशीर झाल्यावर मागची तारीख घालून लिहिले आहे, असे तिच्या मनाने घेतले. पुढे चाळीस वर्षे संसार झाला, मुले मोठी झाली, नवरा देवाघरी गेला. पण तो सल राहिला.

काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाने जुनी पत्रे विकण्याविषयी माझा सल्ला विचारला. पोस्टातून निवृत्त झालेले आणि हवाई टपालाचा अभ्यास करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. मी त्यांना बोलावले. त्यांनी एकही लखोटा विकत घेतला नाही. तीन संध्याकाळी बसून प्रत्येकाचा प्रवास एका वहीत लिहून काढला. नेमक्या त्या लखोट्यावर त्यांची नजर थांबली. एडनचा शिक्का स्पष्ट होता आणि त्यावरची तारीख पत्रातल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची होती. निळी हवाई टपालाची चिठ्ठी चिकटवलेली होती, पण तिच्यावर दोन आडव्या जाड रेघा मारलेल्या. त्यांनी समजावून सांगितले: तिकीट हवाई टपालाला पुरेसे नव्हते, म्हणून ती चिठ्ठी खोडून पत्र बोटीने पाठवले गेले. मागच्या बाजूला आपल्या गावच्या टपालकचेरीचा शिक्का महिन्याभरानंतरचा.

वृद्धेला इंग्रजी शिक्का वाचता येत नव्हता. तिने भिंग मागून घेतले आणि बराच वेळ ती तारीख पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्यांनी लगेच टाकलं होतं.”

पत्रातल्या शब्दांवर तिचा विश्वास बसला नव्हता, कारण शब्द नवऱ्याचे होते. शिक्का मारणाऱ्या एडनच्या कारकुनाला या दोघांचे काहीच देणे-घेणे नव्हते. म्हणून त्याची साक्ष पटली. पण ती साक्ष वाचायला कुणीतरी शिकावे लागते. एडनहून मुंबईला हवाई टपालाचा दर कोणत्या वर्षी काय होता, याचे कोष्टक कुणीतरी पूर्वी केलेले असते. दोन आडव्या रेघांचा अर्थ कुणीतरी शेकडो लखोटे ताडून निश्चित केलेला असतो. त्याला ही बाई ठाऊक नव्हती. तिचे दुःख तर त्याच्या कल्पनेतही आले नसेल. त्याने फक्त आपले कोष्टक चुकू दिले नाही.

सिस्टरांविषयी त्या शिक्षकांनी जे विचारले, त्याला माझे उत्तर हेच. कुष्ठरोग्याची सेवा करणारी भगिनी रुग्णाचा चेहरा पाहते आणि तिचा मान मोठाच आहे. त्यात कुणाची स्पर्धा नाही. तिला आपण विसरतो हा आपला दोष. त्याची भरपाई दुसऱ्याचा मान काढून घेऊन होणार नाही. आपले श्रम कुणाच्या उपयोगी पडतील हे ठाऊक नसताना, आणि हसणारे हसत असताना, जो लहानशी गोष्ट अचूक करतो, त्याच्याकडेही समाजाचे लक्ष जावे. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तर्तियस नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचे नाव घालून नमस्कार सांगतो. पत्र पौलाचे, हात तर्तियसचा. त्याची ती ओळ पौलाने खोडली नाही, आणि दोन हजार वर्षे आपणही ती वाचत आलो.

त्या निवृत्त गृहस्थांचा सणाच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असे आमच्या पॅरिश कौन्सिलने ठरवले. ते संकोचले. शाल नको म्हणाले. त्याऐवजी लोकांना घरातले जुने लखोटे न फाडता आणून द्यायला सांगा, नोंद करून सगळे परत करीन, असे म्हणाले. म्हणून आता आमच्या कार्यालयात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला आहे. दर महिन्याला ते येतात आणि डबा उघडतात. मागच्या खेपेस तेवीस लखोटे होते, बहुतेक आखातातले, काही नैरोबीचे. त्यांतील नऊ लखोट्यांचा उजवा कोपरा कात्रीने कापून नेलेला होता. कधीकाळी घरातल्या कुणा मुलाने तिकीट काढून घेतले होते. तिकिटाबरोबर शिक्का गेला होता आणि शिक्क्याबरोबर तारीख. तरी त्यांनी ते नऊही उलटून पाहिले. चारांच्या मागे पोहोचल्याचा शिक्का शाबूत होता. तेवढी तारीख त्यांनी वहीत उतरवून घेतली.